वाचक विचारतात : विद्यार्थी, नोंदवही आणि खाडीकाठचे पक्षी

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील पशुपक्ष्यांच्या नोंदी ठेवून त्या संशोधकांच्या उपयोगी पडतील अशा रीतीने सार्वजनिक संग्रहांत भराव्यात, अशी सूचना गेल्या महिन्यात या सदरात केली होती. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी ठाण्यातील एका महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकविते. गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या साठ विद्यार्थ्यांना क्षेत्र प्रकल्प म्हणून ‘आयनॅचरलिस्ट’ या सजीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर प्रत्येकी पन्नास नोंदी करावयास सांगितल्या आणि नोंदींच्या संख्येवर गुण ठेवले. निम्म्याहून अधिक नोंदी कुंडीतली जास्वंद, गल्लीतली कुत्री आणि काही तर चक्क इंटरनेटवरून उतरवून घेतलेली छायाचित्रे अशा निघाल्या. मुलांना रसच नाही, असे समजावे काय? यंदा काय बदलावे? (एक प्राध्यापिका, ठाणे)

उत्तर : मुलांना रस नाही, हा निष्कर्ष इतक्यात काढू नये. आपण पन्नास नोंदी मागितल्या आणि त्यांनी पन्नास दिल्या; शेवटच्या दोन दिवसांत पन्नासचा आकडा गाठायचा असेल, तर कुंडीतल्या जास्वंदीइतका आज्ञाधारक सजीव दुसरा नाही. दोष आहे तो मोजपट्टीचा.

अशा नोंदींचा त्रास कोणाला होतो, हे मुलांना आधी सांगावे. आयनॅचरलिस्टवरील नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरण्यासाठी तिला तारीख, ठिकाण आणि छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण लागते, आणि ओळख पटविणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशाहून अधिक जणांचे, निदान दोघांचे तरी, एकमत व्हावे लागते. ही ओळख पटविणारी माणसे पगारी नसतात. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी पीएच.डी. करणारी मुलगी रात्री जेवण आटोपल्यावर अर्धा तास हे काम करते. तिच्यापुढे एकाच संध्याकाळी एकाच महाविद्यालयातून शेकडो अस्पष्ट छायाचित्रे येऊन पडली, तर ती त्या महाविद्यालयाच्या नोंदी उघडणेच सोडून देईल, आणि मग त्यांतली एखादी खरोखर मोलाची नोंदही तशीच पडून राहील. लावलेली झाडे आणि पाळीव प्राणी यांची नोंद करण्यास मनाई नाही, परंतु ती तशी आहेत अशी खूण करावी लागते, आणि ही खूण केलेल्या नोंदी संशोधनाच्या दर्जात धरल्या जात नाहीत. उतरवून घेतलेले छायाचित्र मात्र सरळ खोटी साक्ष आहे. तिथे गुण कापण्यात संकोच करू नये.

यंदा माझी सूचना अशी, की ‘किती प्रजाती’ हा प्रश्न गुणपत्रिकेतून काढून टाकावा आणि ‘किती आठवडे’ हा प्रश्न तिथे आणावा. तिघातिघांचे गट करून प्रत्येक गटाला एकेक जागा नेमून द्यावी. ही जागा येऊरला असण्याची गरज नाही. मुलांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरची असावी. कचराळी तलावाचा एक कोपरा, मासुंद्याचा काठ, उपवनच्या बाजूची एक वडाची सावली किंवा महाविद्यालयाच्या आवारातील उंबर, यांपैकी काहीही चालेल. तिथे आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटे उभे राहायचे आणि दिसलेला व ऐकू आलेला प्रत्येक पक्षी त्याच्या संख्येसह लिहायचा. ‘ईबर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर याला पूर्ण यादी म्हणतात, आणि आपल्याला जे ओळखता आले ते सगळे लिहिले, काहीही मुद्दाम वगळले नाही, असे भरणाऱ्याने तिथे सांगायचे असते.

‘सगळे’ या शब्दावर आपण वर्गात एक तास घालविलात तरी तो वाया जाणार नाही. मुले तलावावर गेली, की पहिल्या मिनिटाला खंड्या पाहून हरखतात आणि लिहितात. मग दुसऱ्या मिनिटाला पाण्याच्या कडेला मातकट रंगाचा वंचक (बगळ्याच्या जातीचा पक्षी) दगडासारखा बसलेला असतो, तो पुष्कळांना दिसतच नाही. उडाला आणि त्याचे पांढरेशुभ्र पंख उघडले, की मग ‘अरे!’ होते. तारेवरचे कावळे आणि कठड्यावरचे पारवे मात्र कोणीच लिहीत नाही, कारण ते रोजचेच. आता सगळ्यांनीच कावळे वगळले, तर आणखी वीस वर्षांनी ठाण्यात कावळे कमी झाले की वाढले, हे सांगायला एकही कागद हाती नसेल. आणि पूर्ण यादीत जो पक्षी नाही, तो त्या पंधरा मिनिटांत दिसला नाही, असा अर्थ घेता येतो. सुट्या छायाचित्रांच्या ढिगातून हा ‘नाही’ कधीच मिळत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने ओळीने तीन आठवडे वहीत ‘आज तांबट पक्ष्याचा आवाज नाही’ असे लिहिले होते आणि त्याबद्दल ती ओशाळली होती. तिच्या वर्गातली सर्वांत चांगली नोंद तीच होती, असे माझे आजही मत आहे.

दोन श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) क्षेत्रकार्याला साठ तास धरतात. आठवड्याला पंधरा मिनिटांनी ते अर्थातच भरत नाहीत. उरलेला वेळ ओळख शिकण्यात, याद्या तपासण्यात आणि सत्राच्या शेवटी गटाने स्वतः निवडलेल्या एका लहानशा प्रश्नाचे उत्तर आपल्याच नोंदींतून शोधण्यात जाऊ द्यावा. पहिल्या महिन्यात पंचवीस सामान्य पक्षी ओळखता आले तरी पुरे. ‘ओळखता आला नाही’ असे लिहिणाऱ्याला गुण मिळतात, हे एकदा मुलांच्या लक्षात आले, की ठोकून देणे आपोआप कमी होते. भ्रमणध्वनीतील ॲप आवाज ऐकून नाव सुचविते, तेही केवळ सुचविणे आहे; पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किंवा तो आवाज स्वतःच्या कानाला ओळखीचा झाल्याशिवाय ते नाव यादीत घालू नये.

प्रश्न : माझी मुलगी या छंदापायी पहाटे साडेपाचला येऊरला जाते म्हणते. तिथे बिबटे आहेत. तिला पाठवावे का? आणि याचा पुढे नोकरीसाठी काही उपयोग आहे का? (एक पालक, कोपरखैरणे)

उत्तर : अंधारात पाठवू नये. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे वन विभागाच्या परवानगीने, ठरवून दिलेल्या वेळेत, ठरलेल्या वाटेने आणि चारपाच जणांच्या सोबतीनेच जावे. बिबट्या माणसाला टाळतो हे खरे असले, तरी झुंजुमुंजूच्या वेळी पायवाटेवर एकट्याने खाली वाकून फुलपाखराचे छायाचित्र काढणे शहाणपणाचे नाही. माझ्या मते बिबट्यापेक्षा खारफुटीतला चिखल अधिक दगा देतो. वरून घट्ट दिसणाऱ्या चिखलात माणूस मांडीपर्यंत रुततो आणि तेवढ्यात पाणी चढू लागते. तेव्हा बांध सोडून खाली उतरायचे नाही, हा नियम तिच्याकडून कबूल करून घ्यावा. सापाला हात लावायचा नाही, हे वेगळे सांगायला नको.

नोकरीचे म्हणाल, तर केवळ पक्षी पाहिल्याने नोकरी लागत नाही. वर्षभर न चुकता नोंदी ठेवणारी आणि त्यांतून आलेख काढून त्याचा अर्थ सांगू शकणारी मुलगी मात्र कोणत्याही प्रयोगशाळेला किंवा कार्यालयाला हवीशी असते.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. राष्ट्रीय सेवा योजनेतून आम्ही चौघे जानेवारीपासून दर रविवारी सकाळी सातला नेरुळच्या पाणथळीवर रोहित (फ्लेमिंगो) मोजतो. एका रविवारी दीडदोनशे असतात, पुढच्या रविवारी एकही नसतो, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा असतात. सरांना वाटते आम्ही आळीपाळीने दांडी मारतो. आमचे वडील मासेमारी करतात, ते नुसतेच हसतात. आमचे कुठे चुकते? (एक विद्यार्थी, सारसोळे)

उत्तर : तुमचे काहीच चुकलेले नाही. वडील का हसतात, हे त्यांना विचारले असते तर हे पत्र लिहावे लागले नसते. पण बरे झाले लिहिलेत, कारण ही गोष्ट पुष्कळ शिकलेल्या मंडळींच्याही ध्यानात येत नाही.

रोहित ठाण्याच्या खाडीत येतात ते चिखलावर चरण्यासाठी. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा ते चोच उलटी करून त्यातले सूक्ष्म शैवाल आणि बारीक जीव गाळून खातात. भरतीला तो चिखल पाण्याखाली जातो, मग थवे उडून काठावरच्या उथळ पाणथळींत विसाव्याला येतात. नेरुळची तुमची जागा ही अशीच एक विसाव्याची जागा आहे. म्हणजे तिथे पक्षी असणे वा नसणे हे घड्याळाच्या सातावर नव्हे, तर पाण्यावर ठरते.

आता गंमत पाहा. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळपास सहा तासांनी सरकते, आणि भरतीपासून ओहोटीपर्यंतचे अंतरही साधारण सहा तासांचेच. त्यामुळे एका रविवारी सातला भरती असेल, तर पुढच्या रविवारी सातला ओहोटी असणारच. तुम्ही दर रविवारी ठरल्या वेळी गेलात म्हणूनच हा एकाआड एक खेळ तुमच्या वहीत उतरला. कोकणकिनाऱ्यावरचा जुना हिशेब तुमच्या घरात ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. तुम्ही सातला पोहोचता तेव्हा पाणी नुकते उतरू लागलेले असते आणि रोहित अजून विसाव्यावर असतात. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाचच्या आसपास ओहोटी. सातला खाडीतला चिखल अजून उघडा आणि तुमची पाणथळ रिकामी. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. खाडीत आतल्या बाजूला पाणी थोडे उशिरा पोहोचते, तेवढी सूट धरावी.

आणखी एक बारकावा आहे. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमजोर भरती, असतो, पाणी फारसे चढत नाही, चिखलाचा काही भाग उघडाच राहतो आणि काही थवे खाडी सोडतच नाहीत. त्यामुळे तुम्हांला सापडले ते दीडदोनशे हे तिथले मोठे थवे नव्हेत. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या उधाणाला, दुपारी अकरा ते एकच्या दरम्यान, एकदा त्याच बांधावर उभे राहून मोजा आणि मला कळवा. एकेक पक्षी मोजण्याचा हट्ट धरू नका. दहांचा एक घोळका डोळ्यांत साठवा, तसे किती घोळके होतात ते पाहा, आणि चौघांनी आपापले आकडे न बोलता लिहून मगच ताडून पाहा.

हे मी शहाणपणाने सांगतो आहे असे समजू नका. अनेक वर्षांपूर्वी मी एक वर्गच्या वर्ग घेऊन ऐरोलीच्या खाडीकाठी ऐन भरतीला पोहोचलो होतो. पुढे सगळीकडे पाणीच पाणी, पक्षी औषधालाही नाही, आणि मुले वडापावची गाडी कुठे आहे ते विचारू लागली. तेव्हापासून माझ्या वहीच्या पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात तिथी आणि तिसऱ्यात भरतीची वेळ असते. तुमच्या जानेवारीपासूनच्या सगळ्या नोंदींपुढे आता हे दोन रकाने भरा. पंचांगात पाहून ते मागील तारखांचेही भरता येतील. मग ती वही सरांना दाखवा, आणि मे महिना संपेपर्यंत मोजणी थांबवू नका. या खाडीचा पश्चिम काठ आणि पाण्याचा मोठा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जाही मिळाला. परंतु अभयारण्याबाहेरच्या ज्या पाणथळींत हे पक्षी भरतीचे तास काढतात, त्यांच्याविषयी जेव्हा जेव्हा वाद निघतो तेव्हा ‘इथे पक्षी येतच नाहीत’ असे कोणी ओहोटीला जाऊन पाहून सांगू शकतो. तारीख, तिथी आणि वेळ लिहिलेली तुमची वही अशा वेळी कामाला येते.

प्रश्न : हौशी मुलांनी भरलेल्या माहितीवर शास्त्रज्ञ खरोखरच विश्वास ठेवतात काय? की हा नुसताच उत्सवी प्रकार आहे? (एक निवृत्त अभियंता, वाशी)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि उत्सवी प्रकारही होतातच. परंतु हे काम नवे नाही. अमेरिकेत नाताळच्या सुमारास पक्षी मारण्याच्या स्पर्धा भरत, त्याऐवजी पक्षी मोजावेत म्हणून १९०० साली सुरू झालेली गणना आजही चालू आहे. आपल्याकडे आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, आणि फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या पक्षिगणनेत २०१३ पासून भारतीय भाग घेतात. त्यात महाविद्यालयांच्या आवारांची वेगळी गणनाही असते.

विश्वासाचे म्हणाल, तर तो एका नोंदीवर नसतो. ईबर्डवर त्या प्रदेशात, त्या महिन्यात न संभवणारा पक्षी किंवा अवाच्या सवा संख्या भरली, की नोंद अडते आणि तिथला अनुभवी निरीक्षक पुरावा विचारतो. बाकीच्या लहानसहान चुका मोठ्या संख्येत विरून जातात. २०२३ साली प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ प्रजातींचा विचार झाला आणि १७८ प्रजातींना संवर्धनाची तातडीची गरज असल्याचे ठरले. २०२० च्या अहवालाने तर चिमणीविषयीचा आपला सार्वत्रिक शोक थोडा आवरता घ्यायला लावला: देशभर पाहता चिमण्यांची संख्या बऱ्यापैकी स्थिर आहे, घट आहे ती मोठ्या शहरांत.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत खरा दोष निराळा आहे, आणि अभियंता म्हणून तो आपल्याला लगेच पटेल. हौशी निरीक्षक जिथे पक्षी अधिक तिथेच जातो, तोही सुटीच्या दिवशी आणि जिथे गाडी जाते तिथेच. त्यामुळे नकाशावर काही जागा नोंदींनी गच्च आणि बाकीच्या कोऱ्या राहतात. महाविद्यालयांचे मोल मला नेमके इथे वाटते. दिवा, मुंब्रा, तळोजा, घणसोली अशा जागी, जिथे दुर्बीण घेऊन मुद्दाम कोणी जाणार नाही, तिथे विद्यार्थी राहतातच. त्यांना येऊरला नेण्याऐवजी त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर उभे केले, तर कोरा नकाशा भरू लागेल.

प्रश्न : आमच्या गटातल्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी नावे कठीण जातात. मराठी नावे लिहिली तर चालतील का? (एक विद्यार्थिनी, कळवा)

उत्तर : वहीत अवश्य लिहावीत. फक्त एक ध्यानात असू द्या, की बोलीतले नाव नेहमीच एका प्रजातीपुरते नसते. ‘पाणकावळा’ म्हटले की त्यात आकाराने वेगवेगळे दोनतीन पक्षी येतात. त्यामुळे स्थानिक नाव, ते कोणत्या गावात ऐकले ते गाव आणि शेजारी शास्त्रीय नाव असे तिन्ही लिहावे. आगरी-कोळी घरांतल्या मुलांकडे तर हे धन आयतेच असते. चिखलावर उड्या मारणाऱ्या माशाला निवटी म्हणतात, चिंबोरी कोणत्या बिळात असते, खारफुटीत तिवर कोणते आणि चिपी कोणती, हे त्यांच्या आजीला जेवढे ठाऊक असते तेवढे पुस्तकात सापडणार नाही. गटात असे कोणी असेल, तर पहिले दोन आठवडे शिक्षक त्यालाच करा. आणि चिपी हे राज्याचे खारफुटी झाड आहे, एवढी माहिती आजीला उलट भेट म्हणून द्या.

प्रश्न : आमच्या आवारातल्या जुन्या इमारतीच्या कोनाड्यात गव्हाणी घुबडाचे घरटे आहे, पिल्ले आहेत. मी छायाचित्रे काढली आहेत. ठिकाणासह टाकू का? (एक विद्यार्थी, नवी मुंबई)

उत्तर : आता टाकू नका. घुबडांना अंधश्रद्धेपायी पकडून विकणारे लोक आहेत आणि दिवाळीच्या आसपास त्यांची ये-जा वाढते. त्यांच्याइतकाच उपद्रव छायाचित्रकारांच्या गर्दीचा होतो. झोत टाकून चारपाच जण कोनाड्याखाली उभे राहिले, तर मोठी घुबडे पिल्लांना भरवायला येत नाहीत. आयनॅचरलिस्टवर नोंद करताना ठिकाण धूसर ठेवण्याची सोय आहे. ती निवडली, की इतरांना नेमक्या जागेऐवजी सुमारे वीस-बावीस किलोमीटरचा चौकोन दिसतो, अचूक जागा तुमच्यापाशी राहते आणि नोंद वाया जात नाही. परंतु छायाचित्रात इमारतीचे नाव, फाटक किंवा ओळखीची कमान येत नाही ना, ते आधी तपासा. ठिकाण झाकून फलक दाखविणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावरही ते टाकू नका. सुरक्षारक्षकाला आणि एका शिक्षकाला विश्वासात घ्या, कोनाड्याची रंगरंगोटी पिल्ले उडेपर्यंत लांबवता येते का ते पाहा, आणि तुम्ही स्वतः संध्याकाळी लांबच्या कट्ट्यावर बसून मोठी घुबडे किती वेळा येतात व चोचीत काय आणतात, तेवढे लिहीत राहा. बहुधा उंदीर आणि घुशीच असतील; इमारतीतल्या लोकांना घुबड हाकलायचे असेल, तर ती यादी त्यांना दाखवा.